नवरा गप्प असतो म्हणून भीती वाटते, तेव्हा काय विचारायचं?

"मॅडम, तो रडला बी नाही ओ. बायको गेली, दोन लेकरं गेली, आणि हा कॅमेऱ्यापुढं दोनदा घड्याळाकडं बघतोय. आमचे हे बी असेच. पोटातलं ओठावर येत नाही कधी."

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आमच्याकडे समुपदेशनाला आलेल्या पस्तिशीतल्या बाईंचं हे म्हणणं. (गाव, व्यवसाय आणि नाती ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत.) परराज्यातल्या एका घरात आई आणि दोन मुलं मृत सापडली होती. संशय नवऱ्यावर होता, पण अटक झालेली नव्हती. तेवढ्या बातमीवर रोज नवे व्हिडिओ निघत होते: तो कसा उभा राहिला, हात कुठे ठेवला, अंत्यविधीला कोणता शर्ट घातला. बाई रात्री दोनपर्यंत ते पाहत, खालच्या प्रतिक्रिया वाचत आणि सकाळी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकत.

त्यांचे पती कृषी सेवा केंद्रात कामाला. फवारणीच्या औषधांचे नमुने कधीकधी घरी येत. एका व्हिडिओत 'विषच दिलं असणार' असं कुणी ठामपणे सांगितलं आणि त्या दिवसापासून बाईंनी नवऱ्यानं केलेला चहा मोरीत ओतायला सुरुवात केली. विळी आणि सुरी गादीखाली गेली. मुलींच्या खोलीला आतून कडी लागली. नवऱ्याचा फोन रोज तपासला जाऊ लागला. नवरा आणखी गप्प झाला आणि ते गप्प होणं हाच नवा पुरावा ठरला.

या टप्प्यावर दोन घाई होतात. घरचे म्हणतात, "फोन काढून घ्या, खूळ जाईल." शिकाऊ समुपदेशक श्वासाचे व्यायाम शिकवायला बसतात. दोन्ही चूक. जिच्या घरात खरोखर धोका आहे तिला शांत राहायला शिकवलं, तर तिला सावध करणारी भीतीच आपण बोथट करतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी धोका आहे का ते पाहायचं, भीतीवर काम त्यानंतर. आणि पहिली भेट एकटीची. सासू, नवरा, सोबत आलेली शेजारीण, सगळे बाहेर. नवऱ्याला एकत्र बोलावणं तर तपासणी पूर्ण होईपर्यंत मुळीच नाही. धोका असेल तर इथे बोललेल्याची किंमत ती घरी जाऊन मोजते.

नवऱ्यावर संशय घेणारे सगळे वेडे आहेत, असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुली जाणूनबुजून मारल्या गेल्या. त्यांतल्या साधारण ६० टक्के जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कुणाच्या हातून. त्यामुळे घरात मृत्यू झाला की पोलीस आधी घरातल्यांनाच विचारतात, आणि बंद घरात काय झालं याचा खुलासा तिथे असलेल्या माणसानं करावा अशी अपेक्षा कायदाही ठेवतो. पण चौकशी म्हणजे निकाल नव्हे. विषाची शंका असेल तर शवविच्छेदनानंतर व्हिसेरा (शरीरातल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो; मराठवाड्यासाठी अशा प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात. संशयित अटकेत असेल तर खुनासारख्या गुन्ह्यात आरोपपत्रासाठी पोलिसांकडे ९० दिवस असतात. आरोपपत्राविना ते उलटले की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. व्हिडिओ करणाऱ्याला एवढं थांबणं परवडत नाही. त्याला आज संध्याकाळी काहीतरी हवं असतं आणि हाताशी असतो तो फक्त चेहरा.

चेहरा वाचण्याचा हा उद्योग आपण आधीही पाहिलाय. २००८ मधल्या नोएडाच्या आरुषी तलवार खून प्रकरणात तिच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही, यावर देशभर महिनोन्‌महिने चर्चा झाली. २०१३ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयानं दोघांना दोषी धरलं आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं दोघांची सुटका केली. मयताच्या घरी बसायला गेलेल्या कुणालाही हे माहीत असतं: एखादा हंबरडा फोडतो, एखादा मांडववाल्याशी खुर्च्यांचा हिशोब करत फिरतो, एखाद्याला तिसऱ्या दिवशी रडू फुटतं. धक्क्यात माणूस सुन्न होतो, घड्याळाकडे बघतो, नको तिथे हसतोसुद्धा. न रडण्यावरून कुणी खुनी ठरत नाही, आणि रडण्यावरून कुणी निर्दोषही ठरत नाही.

मग विचारायचं काय? अमेरिकेतल्या जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेनं १९८० च्या दशकात घरगुती हिंसेत जिवाला असलेला धोका ओळखण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्या धर्तीवरचे प्रश्न आम्ही आपल्याकडच्या भाषेत विचारतो. गेल्या वर्षभरात मारहाण वाढली का? कधी गळा दाबला, तोंडावर उशी दाबली? कोयता, कुऱ्हाड, काठी उगारली? 'तुला मारीन, लेकरांना मारीन, मीही मरीन' असं म्हणाला का? गरोदरपणात मारलं? मनाविरुद्ध संबंध? कुठे जातेस, कुणाशी बोलतेस, पैसे कुठे गेले यावर रोजचा पहारा? सततचा संशय, पाठलाग? काम सुटलंय का, दारू वाढलीय का? आणि फार महत्त्वाचं: माहेरी जाण्याची किंवा वेगळं होण्याची गोष्ट अलीकडे निघाली का? कारण बाई निघायच्या बेतात असते तेव्हा किंवा नुकतीच निघालेली असते तेव्हा धोका सर्वांत जास्त असतो. या यादीत 'गप्प राहतो का' हा प्रश्न कुठेच नाही.

उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर सोडायचं नाही. "कधी? कशावरून? नंतर काय झालं?" हे विचारायचं. 'मारत नाही हो' म्हणणाऱ्या बाईच्या हिशोबात एखादी चपराक मार धरलेलीच नसते.

या बाईंची सगळी उत्तरं 'नाही' आली. लग्नाला चौदा वर्षं, हात उगारला नाही, शिवी नाही, पगार आणून बायकोच्या हातात. गळ्याच्या प्रश्नावर मात्र त्या थबकल्या. "माझं नाही. माझ्या धाकट्या जावेचं झालंय तसं. पण दीर लई मायाळू आहेत ओ. नंतर पाया पडून रडतात."

धाकटी जाऊ नवऱ्यासोबत गावापासून लांब, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहायची. दोघी जावा तेच व्हिडिओ पाहायच्या, तोच न रडणारा नवरा दोघींना खुनी वाटायचा, आणि वर्षात दोनदा गळा दाबणारा रडतो म्हणून मायाळू ठरला होता. व्हिडिओंनी दोघींना शिकवलेल्या खुणा इतक्या उलट्या होत्या. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सात पट आढळली. गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसेलच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणं, कपड्यात लघवी होणं, यांतलं काही घडलं असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं आणि 'पडले' न म्हणता खरं कारण सांगून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद करून घ्यायची. मानेतल्या रक्तवाहिनीची इजा काही दिवसांनीही त्रास देऊ शकते.

जावेशी आम्ही फोनवरून संपर्क केला नाही. फोन नवरा बघत होता. थोरलीनं तिला बाजाराच्या दिवशी सोबत आणलं. तिला निघायचं नव्हतं, निदान तेव्हा नाही, आणि त्यासाठी तिच्यावर दबाव टाकायचा नसतो. ठरलं ते असं: आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती थोरलीकडे. थोडी रोकड आणि एक जोडी कपडे तिथेच. शेजारच्या आखाड्यावरच्या मावशींना एक परवलीचं वाक्य, 'ताक आहे का' असलं साधं. ते कानावर आलं की त्यांनी ११२ हा पोलीस मदतीचा क्रमांक लावायचा. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात आणि औषधांच्या खोलीत थांबायचं नाही, दाराकडे सरकायचं. फवारणीचं औषध आणि तणनाशक कुलपात, किल्ली थोरलीच्या नवऱ्याकडे. शेतातल्या घरात ही शेवटची गोष्ट फार मोलाची, कारण असे नवरे जिवाला घाला घालतात तेव्हा पुष्कळदा स्वतःचाही जीव देतात, आणि रागाच्या भरात बाईही बाटलीकडे धावते.

कायद्याची वाट तिला समजावून दिली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घरगुती घटना अहवाल भरता येतो, फी नाही. त्यावरून न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आणि त्याच घरात राहू देण्याचा आदेश देऊ शकतात. पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे आधीच सांगितलेलं बरं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विचारपूस करायला १८१ ही महिला हेल्पलाइन.

आता थोरलीची भीती. धोका नाही हे पाहून झालं होतं, म्हणून आता तिच्यावर काम करता आलं. चहा ओतणं, फोन तपासणं यानं अर्धा तास बरं वाटतं आणि पुन्हा तपासावंसं वाटतं. भीती या तपासण्यावरच पोसते. सोप्यापासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सुऱ्या जागेवर. मग कडी काढायची. मग नवऱ्याचा चहा, आधी दोन घोट. प्रत्येक वेळी भीती किती ते दहापैकी आकड्यात लिहायचं आणि ती खाली येईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. वहीत दोन रकाने: 'डोळ्यांनी पाहिलं' आणि 'मी अर्थ लावला'. 'जेवताना बोलले नाहीत' पहिल्यात. 'मनात काहीतरी शिजतंय' दुसऱ्यात.

फोन काढून घेतला नाही. काढून घेतला की बाई शेजारणीच्या फोनवर बघते. यूट्यूबचा पाहण्याचा इतिहास पुसून बंद केला, अशा चॅनलच्या व्हिडिओवर तीन ठिपके दाबून 'हे चॅनल सुचवू नका' निवडलं, आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं थांबवलं. रात्री आठनंतर फोन चार्जिंगला, तोही स्वयंपाकघरात. झोप परत यायला लागली की निम्मी भीती तिथेच उतरते. दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही किंवा 'जेवणात विष आहे' ही खात्री तसूभर हलली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

नवऱ्याशी काय बोलायचं, याची तालीम करावी लागली. "तुम्ही मला माराल का" या प्रश्नाला कोणताही सरळ माणूस नीट उत्तर देऊ शकत नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बोलत नाही तेव्हा मला रात्री भ्या वाटतं." निघालं ते उधारीचं प्रकरण. खरिपात शेतकऱ्यांना दिलेल्या खता-औषधांचे पैसे सोयाबीन विकल्यावर येतात. त्या वर्षी ते आलेच नव्हते आणि मालक ती थकबाकी त्याच्या पगारातून वळती करत होता. घरी सांगायची लाज वाटत होती. आकडा कळल्यावर बाई दुसऱ्याच काळजीत पडल्या, पण ती काळजी दोघांची होती.

नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं होतं, "पप्पा आपल्याला मारतील का?" लेकरांना खरं आणि थोडक्यात सांगायचं: "ती बातमी लांबच्या घरातली. आपले पप्पा कुणाला मारत नाहीत. कधीही भ्या वाटलं तर मला नाहीतर तुझ्या शाळेतल्या बाईंना सांग." मधलं वाक्य खरं असेल तरच उच्चारायचं. नसेल, तर मुलीला १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक पाठ करून द्यायचा.

शेवटी ग्रुपवर टाकलेल्या पोस्ट राहिल्या. त्यांतल्या एकीत 'हाच तो नराधम' असं लिहून फोटो होता, दुसरीत साक्षीदार म्हणून एका लहान मुलाचा चेहरा. पहिलीवरून बदनामीचा खटला होऊ शकतो, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरी अधिक गंभीर: बळी किंवा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी हटवा' हे साधारण अडीच दिवसांच्या आतच चालतं. बाईंच्या पोस्ट त्याहून जुन्या होत्या, म्हणून त्यांनी ग्रुपमधल्या सगळ्यांना त्या आपापल्या फोनमधून काढायला सांगितलं आणि 'मी पाठवलेलं पुढं पाठवू नका, खात्री नव्हती' असं लिहिलं. ग्रुपमधल्या दोघींनी त्यांना 'नवऱ्याची बाजू घेणारी' म्हटलं. त्या दोघींपैकी एक पुढच्या महिन्यात आमच्याकडे आली, तीच भीती घेऊन. तिच्याशीही सुरुवात एकटीच्या भेटीनं आणि त्याच प्रश्नांनी झाली.