कोल्हापुरात पोरीसाठी खाजगी शाळा बघताना नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की पुण्याहून कोल्हापूरला बदली झालीय, उचगावला घर घेतलंय, मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार आणि दोन शाळा डोक्यात आहेत. एक शिरोलीच्या पुढं हायवेला, नावात 'इंटरनॅशनल', फी वर्षाला ८५ हजार, आणि दुसरी गावातली जुन्या संस्थेची, फी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला पण बिल्डिंग बघून मिसेसचं मन होईना. तर क्वालिटी ओळखायची कशी.

माझं मत एका ओळीत सांगतो, त्या शाळेत शिक्षक किती वर्षं टिकतात ते बघा. बाकीचं सगळं त्याच्या मागनं.

हे मी का म्हणतोय, तर माझी बायको बरीच वर्षं इथल्याच एका खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत शिकवायची (नाव सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू पण नका). डी.एड. झालेली, टीईटी पास. तिथली पद्धत काय तर जूनला नेमणुकीची ऑर्डर, एप्रिलला ऑर्डर संपली, मे महिन्याचा पगार नाही आणि परत जूनला नवीन ऑर्डर. पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा आणि मग त्यातली ठरलेली रक्कम काढून ऑफिसात नेऊन द्यायची, पावती बिवती काही नाही. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आहे, पण ऑर्डरच अकरा महिन्यांची असल्यावर कोण कायदा दाखवत बसणार. मग होतंय काय की जरा बरी शिकवणारी बाई दिवाळीपर्यंत दुसरीकडं इंटरव्ह्यू देऊन येते आणि पहिलीतल्या पोरांना जानेवारीत तिसरी टीचर. हिच्या वर्गात एक पोरगा होता, फळ्याकडं बघायचाच नाही, सगळं शेजारच्याच्या वहीतनं उतरवायचा, आधी वाटलं आळशी आहे, दिवाळीच्या आसपास हिच्या ध्यानात आलं की त्याला लांबचं दिसतच नाही. चष्मा लागला, पोरगा सुटला. आता हे कळायला तीच बाई तीच पोरं रोज बघत पाहिजे ना, दर चार महिन्याला माणूस बदललं तर कुणाला काय कळणार.

मग हे बाहेरच्या माणसाला कळायचं कसं? ॲडमिशन काउंटरवर सरळ विचारा, पहिली ते चौथीच्या टीचर इथं कधीपासून आहेत. 'आमचा स्टाफ वेल एक्सपीरियन्स्ड आहे' हे उत्तर आलं की समजायचं. जिथं खरंच टिकलेत तिथं ते नावं घेऊन सांगतात, अमुक बाई इतकी वर्षं आहेत, त्यांच्या हाताखालनं शिकलेल्यांची पोरं आता इथं आहेत वगैरे. सीबीएसईची शाळा असेल तर त्यांना वेबसाइटवर 'मॅंडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' म्हणून एक पान ठेवावंच लागतं, त्यात शिक्षकांची संख्या, फी, निकाल, बिल्डिंग आणि फायर सेफ्टीचे दाखले असं सगळं टाकायचं असतं. ते पान उघडत नसेल किंवा दाखल्यांची मुदत संपून गेलेली असेल तर तेवढ्यावरनं पण बरंच कळतं. आणि सगळ्यात खरी माहिती म्हणजे रिक्षामामा. जो मामा पाच-सात वर्षं त्या गेटवर पोरं सोडतोय त्याला कुठली टीचर गेली, कधी गेली, का गेली सगळं माहीत असतंय.

८५ हजारांचा हिशोब पण एकदा करून बघा. वर्गात ३० पोरं धरली तर एका वर्गातनं वर्षाला साडेपंचवीस लाख आले. त्या वर्गाच्या टीचरला महिना १२ हजार देत असतील तर वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. बाकीचे पैसे कशात गेले, तर काच, लॉन, एसी बस आणि हायवेवरचं होर्डिंग. म्हणजे जास्त फी वाईट असं मी म्हणत नाहीये, टीचरला नीट पगार देत असतील तर ८५ पण वसूल आहेत. फक्त पैसे वर्गात उतरतायत का हे बघा.

दुसरं, वह्या. शाळेनं दाखवलेल्या नकोत, तिथं नेहमी तीच ठेवणीतली वही असते. तुमच्या कॉलनीत त्या शाळेत जाणारं एखादं पोरगं असेलच, त्याच्या आईकडनं मागच्या वर्षीच्या वह्या मागून घ्या, त्यातली जानेवारी-फेब्रुवारीची पानं बघा. जूनच्या वह्या सगळ्यांच्याच छान असतात. आणि जमलं तर एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या शेजारी शेजारी ठेवून बघा. माझ्या मेहुणीच्या पोराची तिसरीची ईव्हीएसची (परिसर अभ्यास) वही मी बघितली होती. प्रश्न होता तुमच्या घरी पाणी कुठून येतं, आणि उत्तर 'वी गेट वॉटर फ्रॉम रिव्हर, वेल अँड टॅप', खाली लाल टिक आणि स्टार. त्याच्या मित्राच्या वहीत तेच वाक्य, तोच स्टार. आता हा पोरगा राहतो कळंब्याला, गच्चीवर गेलं की तलाव दिसतोय, आणि वहीत तलावाचं नाव नाही! बाईंनी फळ्यावर लिहिलं, चाळीस पोरांनी उतरवलं, विषय संपला. उलट दुसऱ्या एका साध्या शाळेतली वही बघितली, अक्षर गिचमिड, बेरीज चुकलेली, बाईंनी टिक पण नाही आणि फुली पण नाही, नुसतं 'हातचा कुठे गेला?' असं लिहिलेलं आणि खाली पोरीनं परत करून दाखवलेलं. मला विचाराल तर दुसरी वही बघून मी डोळे झाकून ॲडमिशन घेईन.

आणि हो, त्या शाळेतली दुसरी-तिसरीतली किती पोरं ट्यूशनला जातात ते विचारा. सगळीच जात असतील तर शाळा नुसती फी घेते आणि शिकवते ती ट्यूशनवाली बाई. त्यात वर्गटीचरच घरी क्लास घेत असेल तर विषयच संपला, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमानं शिक्षकाला खाजगी शिकवणीला सरळ बंदी आहे.

कागदपत्रांचं पटकन सांगतो कारण यात फसणारे लई आहेत. 'सीबीएसई पॅटर्न' आणि सीबीएसई संलग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅटर्न म्हणजे पुस्तकं तसली लावलीत एवढंच. नववीत पोरगं गेलं की मग कळतं की बोर्डाची परीक्षा भलत्याच शाळेच्या नावावर द्यायचीय. बोर्डाचा ॲफिलिएशन नंबर मागा आणि सीबीएसईच्या 'सरस' पोर्टलवर टाकून बघा, कितवीपर्यंत आणि कुठल्या सालापर्यंत आहे ते दिसतं. तसाच प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस नंबर असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, तो सरकारच्या यूडायस प्लसच्या साइटवर टाकला की शिक्षक किती, वर्गखोल्या किती, मुलींची स्वच्छतागृहं किती असं बरंच निघतं. आकडे शाळेनंच भरलेले असतात त्यामुळं सगळेच खरे धरू नका, पण साइटवर शिक्षक १८ आणि माहितीपत्रकात ४० असं असेल तर विचारायला जागा आहे. नुसतं 'इंटरनॅशनल' नावाला काही अर्थ नाही, आयबी किंवा केंब्रिज ही परदेशी बोर्डं असतील तर त्यांच्या साइटवर शाळेचं नाव सापडलंच पाहिजे.

फीचं. महाराष्ट्रात फी नियमनाचा कायदा २०११ चा आहे, स्टेट बोर्ड असो की सीबीएसई, सगळ्या खाजगी शाळांना लागू. शिक्षक-पालक संघाची कार्यकारी समिती असते, त्यातले पालक लॉटरीनं निवडायचे असतात, फीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी समितीपुढं आला पाहिजे आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. त्यामुळं 'समितीतले पालक कोण आणि लॉटरी कधी झाली' हा एकच प्रश्न विचारा. माझं नाव एकदा लॉटरीत निघालं होतं, मीटिंगमध्ये चहा, बिस्किटं आणि सही करायचं रजिस्टर एवढंच पुढं आलं, फीचा तक्ता मागितला तर सर म्हणाले पुढच्या वेळी बघू. तरी मागत राहिलो तेव्हा कुठं 'ॲक्टिव्हिटी फी' म्हणजे नक्की काय ते बाहेर आलं. २०१८ ला कायदा बदलल्यापासनं फी नियमनाच्या विभागीय समितीकडं तक्रार करायची तर २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात, एकट्यादुकट्याचं काम राहिलेलं नाही, म्हणून आधीच लेखी घ्या की ट्यूशन फी सोडून वर्षभरात अजून कशाकशाचे पैसे लागणार. पुस्तकांचं पण विचारा. एनसीईआरटीचं पहिलीचं पुस्तक ६५ रुपयांना मिळतं, आणि काही शाळा खाजगी प्रकाशनाचा सेट अमुकच दुकानातनं घ्या म्हणून चार-पाच हजारांची पिशवी हातात देतात. आणि पहिलीसाठी पोरीचा 'इंटरव्ह्यू' घेत असतील किंवा डोनेशन मागत असतील तर दोन्ही आरटीईच्या १३ व्या कलमात बसत नाही, मग ते त्याला 'इंटरॅक्शन' म्हणोत नाहीतर 'बिल्डिंग फंड'.

याला जोडून एक गोष्ट जी फार कमी पालक विचारतात, आरटीईच्या २५ टक्क्यांतली (गरीब-वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव जागांवरची) मुलं कुठल्या तुकडीत बसतात? सगळी 'डी' तुकडीत नेऊन टाकली असतील तर मी त्या शाळेच्या पायऱ्या उतरून आलो असतो. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं तिथं हे बघायला लागावं म्हणजे कमाल आहे.

निकालाच्या फ्लेक्सवर जाऊ नका. दहावी १०० टक्के लिहिलेलं असतं, पण नववीला किती होते आणि दहावीला किती बसले ते विचारा, मधली पोरं कुठं गेली ते कळेल. स्कॉलरशिपचं पण तेच, किती बसले आणि किती पास हे दोन्ही आकडे पाहिजेत. नुसते पहिल्या तिघांचे फोटो बघून काय करायचंय, तुमची पोरगी बहुतेक मधल्या ओळीत बसणार आहे (वाईट वाटून घेऊ नका, माझी पण तिथंच बसते).

खाजगीच पाहिजे असं ठरवूनच आला असाल तर ठीक, पण एक ऐकून ठेवा, जरगनगरला महापालिकेची जरग विद्यामंदिर म्हणून शाळा आहे, मराठी मीडियम, तिथं पाडव्याला ॲडमिशनसाठी पालकांच्या रांगा लागतात. त्यात गाडीवाले पण असतात. घर उचगावला म्हणजे तुम्हाला लांब पडेल, पण एकदा नुसती बघून या, मग बाकीच्या शाळा कशाशी तुलना करायच्या ते कळेल.

आता तुमच्या दोन शाळा. शिरोलीच्या पुढची शाळा म्हणजे पंचगंगा ओलांडून जायचं. २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी येऊन तिथं हायवेच बंद झाला होता, पोरगी अलीकडं आणि शाळा पलीकडं. रोजचं म्हणाल तर सहा वर्षाच्या पोरीला सकाळी लवकर बसमध्ये घालायचं, आणि ती बस आधी सगळं गाव फिरून मग हायवेला लागणार. बसमध्ये बाई अटेंडंट आहे का, शाळेची परिवहन समिती आहे का हे बघाच. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर २०२४ ला सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सक्तीची केलीय, ती झाली का आणि मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीत कोण आहे हे विचारायला लाजू नका, विचारलेलं ज्यांना आवडत नाही तिथं नकोच.

गावातल्या जुन्या शाळेत बिल्डिंगचा रंग सोडा, दोन गोष्टी बघा, मुलींचं टॉयलेट (मधल्या सुट्टीनंतर जाऊन बघा, सकाळी सगळीच स्वच्छ असतात) आणि एका वर्गात किती पोरं कोंबलीत. पहिलीत साठ असतील तर टीचर कितीही चांगली असू दे, तिचं काही चालत नाही. तीस-पस्तीस असतील, वह्या मी म्हटलं तशा निघाल्या आणि बाई जुन्या असतील तर मिसेसना समजावा आणि तिथंच घाला, राहिलेल्या पैशात पोरीला पोहायला घाला, चित्रकलेला घाला, काय पाहिजे ते करा.

ॲडमिशनला जन्मदाखला लागेल, आधार पण मागतात, पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत. पुण्याच्या केजीवाल्यांनी दाखला द्यायला उशीर केला तर घाबरू नका, तेवढ्यासाठी पहिलीचा प्रवेश अडवता येत नाही, पण इथले क्लार्क अडवतात, तेव्हा अर्ज दोन प्रतीत द्या आणि एकीवर पोच घ्या.