सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२५ घेऊ की वनप्लस १३? बायको म्हणते, "हातात बसेल तो घ्या." हे काय कारण झालं का?

हो, झालं. माझ्या लेखी ते पहिलं कारण आहे, बाकीची त्याच्या मागून येतात.

तुम्ही प्रश्नाखाली सगळं व्यवस्थित मांडलंय. फोन बायकोसाठी घ्यायचाय. दोन्हीत स्नॅपड्रॅगन ८ एलिट हीच चिप, दोन्हीत १२ जीबी रॅम. वनप्लसची बॅटरी ६००० एमएएच, सॅमसंगची ४०००. चार्जिंग १०० वॉट आणि २५ वॉट, स्क्रीन ६.८२ इंच आणि ६.२ इंच. एवढं असून जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही जाहीर झाले तेव्हा २५६ जीबीचा सॅमसंगच ११ हजारांनी महाग. आकडे बरोबर आहेत तुमचे. पण शेवटी एक वाक्य लिहिलंत, "तिला स्पेसिफिकेशनमधलं काही कळत नाही." त्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. आमच्या घरात माझ्याबद्दल हेच वाक्य कितीतरी वेळा बोललं गेलंय.

आमची द्राक्षबाग कवठेमहांकाळ तालुक्यात आहे आणि बेदाण्याचं शेड नागजच्या माळावर. बाग मालक बघतात, औषधं आणि ट्रॅक्टर धाकटे दीर बघतात, आणि बेदाणा विकायचं, व्यापाऱ्याशी बोलायचं, हिशोब ठेवायचं काम माझ्याकडं. बेदाण्याचा भाव मण्याच्या जाडीवर आणि रंगावर ठरतो. हिरवा निघाला तर चांगला भाव, पिवळा पडला की उतरला, काळा झाला की कुणी विचारत नाही. म्हणून शेडमधून व्यापाऱ्याला फोटो पाठवणं हे रोजचं काम आहे, आणि ते फोनवरच होतं.

२०२४ च्या हंगामाच्या तोंडावर भावजींनी नवा फोन आणला. कंपनीचं नाव घेत नाही. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, पावणेसात इंची स्क्रीन, कव्हर घातल्यावर सव्वादोनशे ग्रॅमच्या वर. माझ्याकडं तीन वर्षं वापरलेला १२ मेगापिक्सेलचा लहान फोन होता. भावजी म्हणाले, "वहिनी, आता मालाचे फोटो ह्यातनंच पाठवायचे. तुमच्या डबड्यात माल उठून दिसत नाही." मी म्हटलं, मला हा एका हातात धरता येत नाही. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशच्या पाण्यात घड बुडवून रॅकवर टाकताना हाताला जो चिकट बुळबुळीतपणा येतो, तो दोनदा धुतला तरी जात नाही. वरच्या थरावरचा माल बघायला स्टुलावर चढावं लागतं. एक हात रॅकच्या तारेला, एका हातात फोन. त्यावर उत्तर मिळालं, "सवय होईल." घरात कुणी पुढं बोललं नाही.

सवय झाली नाही. शटरचं बटण दाबायला अंगठा पुरत नव्हता, म्हणून तार सोडून दोन्ही हातांनी फोटो काढायचे. पण ते बाजूला ठेवू. खरा घोळ पुढं झाला.

मार्चमध्ये एकरभर बागेचा माल सुकून तयार झाला. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा धरा, तर दोन टनाच्या जवळपास, १५ किलोचे १३० बॉक्स. मी शेडमध्येच, नव्या फोनवर, मूठभर माल हातावर घेऊन फोटो काढले. कॅमेरा उघडला की स्क्रीनच्या कोपऱ्यात झाडाच्या पानाचं एक बारीक चिन्ह उमटायचं. त्याचा अर्थ तेव्हा मला माहीत नव्हता. फोटो झकास आले, माल पोपटी दिसत होता. तासगावच्या आमच्या व्यापाऱ्यांनी, ज्यांच्याशी नऊ वर्षांचा व्यवहार आहे, फोनवरच भाव सांगितला. आठ दिवसांनी कोल्ड स्टोरेजला बॉक्स उघडले. त्यांनी एक मूठ उचलली, दारात उजेडात नेली, परत आले आणि मला म्हणाले, "वहिनी, फोटोत हिरवा आणि हातात पिवळसर, हे आजवर तुमच्याकडनं झालं नव्हतं."

किलोमागं १५ रुपये तुटले. एकोणतीस हजारांवर गेले. पैसे पुढच्या वर्षी भरून निघतात, पण त्यांचं ते वाक्य मला अजून बोचतं, कारण त्यात मी खोटं वागले असा अर्थ होता. आणि घरी भावजी म्हणाले, "वहिनींना फोटो काढता येत नाही, फोन काय करणार?"

मग मी त्याच रात्री ठरवलं की ह्याचा छडा लावायचा. दुसऱ्या दिवशी त्याच मालातली एक ओंजळ घेतली, हिशोबाच्या वहीचं कोरं पान फाडलं, त्यावर माल पसरला आणि दोन्ही फोनवर तीन जागी फोटो काढले: शेडनेटखाली, दाराबाहेर सावलीत, आणि भर उन्हात. सगळे माझ्या बहिणीच्या फोनवर पाठवले, म्हणजे स्क्रीन एकच राहील. तिच्या फोनशेजारी खरा माल ठेवला आणि एकेक फोटो जुळवत गेले.

शेडनेटखाली काढलेले फोटो दोन्ही फोनचे हिरवट. कारण आमचं नेटच हिरवं आहे, त्यातून गाळून येणारा उजेड हिरवा, वहीचं पांढरं पानसुद्धा फोटोत हिरवट झालं होतं. फोन आपल्या अकलेनं पांढरा रंग ठरवतो, पण सगळीकडूनच हिरवा उजेड असला की तो फसतो. सावलीतल्या फोटोत मात्र फरक उघडा पडला. माझ्या जुन्या फोनचा रंग मालाशी जवळजवळ जुळला. नव्या फोननं सावलीतसुद्धा माल पोपटी केला. कॅमेऱ्यातलं ते पानाचं चिन्ह म्हणजे फोननं समोर झाडपाला आहे असं ओळखलं होतं, आणि झाडपाला दिसला की हिरवा रंग चढवायचा हे त्यात आधीच भरलेलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते एआयचं बटण बंद केल्यावर अर्धा फरक गेला. उरलेला त्या फोनच्या स्वतःच्या रंगाचा. त्यात त्याची स्क्रीनही भडक रंगांवर लावून आलेली होती, त्यामुळं पाठवण्याआधी बघितलं तरी मला शंका यायचं कारणच नव्हतं.

आणि २०० मेगापिक्सेल? तो फोन नेहमीच्या फोटोत १६ पिक्सेल मिळून एक करतो, म्हणजे हातात येतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की लांबीला १६०० पिक्सेलचा होतो, म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा पुरे नाहीत. एचडी करून पाठवायची सोय २०२३ पासून आहे, पण नागजच्या माळावर रेंज दोन काड्यांची, तिथं एचडी चढत नाही. तर व्यापाऱ्याच्या फोनवर माझ्या १२ मेगापिक्सेलचा फोटो आणि भावजींच्या २०० मेगापिक्सेलचा फोटो एकाच मापाचे पोचत होते. हे मी भावजींना कागदावर लिहून दाखवलं. ते म्हणाले, "बरं." अजूनही तेवढंच म्हणतात.

आता तुमच्या दोन फोनांबद्दल. मी ते विकत घेतले नाहीत, सांगलीत दुकानात दोन्ही बराच वेळ हातात धरून बघितलेत. एस२५ चं वजन १६२ ग्रॅम, रुंदी ७०.५ मिलिमीटर. वनप्लस १३ चं वजन रंगाप्रमाणं २१० ते २१३ ग्रॅम, रुंदी ७६.५. सहा मिलिमीटर म्हणजे कागदावर काहीच नाही, पण अंगठा पलीकडच्या कडेला पोचतो की नाही ते तिथंच ठरतं. माझ्या हाताला पहिल्यात पोचतो, दुसऱ्यात फोन तळव्यात सरकवून घ्यावा लागतो, आणि फोन पडतो तो नेमका सरकवतानाच. पन्नास ग्रॅमचा फरक दुकानात कळत नाही. रात्री आडवं पडून भावाशी अर्धा तास बोलल्यावर मनगटाला कळतो. तुमच्या मिसेस "हातात बसेल तो" म्हणतात तेव्हा त्या वजन, रुंदी, कडेची गोलाई आणि बटणाची जागा हे सगळं एका शब्दात सांगत असतात. त्यांना स्पेसिफिकेशन कळतं. फक्त त्या ते तक्त्यातून वाचत नाहीत.

चिप एकच आहे म्हणून वेग एकच, असंही नाही. सॅमसंगमध्ये तीच चिप थोडी जास्त वेगानं चालवलीय, ४.४७ गिगाहर्ट्झ, वनप्लसमध्ये ४.३२. पण लहान फोनला उष्णता बाहेर टाकायला अंग कमी. मार्च-एप्रिलात आमच्याकडं पत्र्याखाली बसून वीस मिनिटं व्हिडिओ कॉल केला तर कुठलाही लहान फोन तापतो, आणि तापला की स्वतःहून हळू होतो, स्क्रीन मंद करतो. मोठा जरा उशिरा तापतो. रोजच्या कामात, पेमेंट, व्हॉट्सअ‍ॅप, नकाशा, फोटो ह्यात दोघांत तुम्हाला फरक सापडणार नाही. उन्हातल्या स्क्रीनचं म्हणाल तर वनप्लसचा ४५०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) हा आकडा बघून भुलू नका, तो पडद्याच्या लहानशा भागापुरता, क्षणभराचा असतो. पूर्ण पडदा उन्हात किती उजळतो त्याचा आकडा कंपनी स्वतःच १६०० देते. सॅमसंगचा २६०० हाही तसाच वरचा आकडा आहे.

कॅमेऱ्यात मी कुणालाच नंबर देणार नाही. दोन्हीकडं तीन तीन कॅमेरे आहेत, दोन्हीत ३ पट झूम आहे. मेगापिक्सेल बघू नका. दुकानाच्या दारात उभं राहून तुमच्या मिसेसच्या साडीचा फोटो दोन्हीत काढा आणि साडीशेजारी धरून रंग बघा. एवढी परीक्षा मी २०२४ मध्ये केली असती तर एकोणतीस हजार वाचले असते.

आता जिथं तुमचं बरोबर आहे तेही सांगते. बॅटरीत लहान फोन खरंच कमी पडतो. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत बॅटरी खातो, आणि तिथं ४००० ला संध्याकाळ गाठता येत नाही. शेडवर आमची लाइट शेतीची, ठरल्या वेळीच येते. जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात फोन भरायचा असतो, तिथं १०० वॉटचं मोल आहे आणि २५ वॉट जीवावर येतं. सॅमसंगच्या बॉक्समध्ये चार्जर मिळत नाही, वनप्लसमध्ये मिळतो, हेही हिशोबात धरा. पाण्याचं म्हणाल तर सॅमसंग आयपी६८ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा), वनप्लस आयपी६८ आणि आयपी६९ दोन्ही, शिवाय ओल्या बोटांनी त्याची स्क्रीन बरी चालते, हे मी दुकानात बोट भिजवून बघितलं. सॅमसंग सात वर्षं नवीन अँड्रॉइड देतो म्हणतो, वनप्लस चार. फोन पाच-सहा वर्षं वापरणाऱ्या घरात ह्याला अर्थ आहे, दर दोन वर्षांनी बदलणाऱ्याला नाही. तुमच्या मिसेस शहरात असतील, घरी आणि कामावर दोन्हीकडं चार्जर असेल, तर ४००० पुरतात.

आणि दोघांच्या मधला एक आहे, वनप्लस १३एस, जून २०२५ मध्ये आला. ६.३२ इंच, १८५ ग्रॅम, ५८५० एमएएच बॅटरी, ८० वॉट चार्जिंग, चिप तीच. त्यात अल्ट्रावाइड कॅमेरा नाही आणि वायरलेस चार्जिंग नाही. लग्नात सगळ्या पाहुण्यांना एका फोटोत बसवायचं असेल तर मागं सरकावं लागेल. मला विचाराल तर बॅटरीची काळजी तुम्हाला आणि हाताची काळजी त्यांना, तर हा तिसरा दोघांनी मिळून बघावा.

मी यंदा माझ्या वाट्याच्या बेदाण्याच्या पैशातून लहानच फोन घेतला. कव्हर खडबडीत रबराचं घेतलं, तेलकट हातातनं सुटत नाही. आता माल दाराबाहेर सावलीत आणते, वहीच्या पांढऱ्या पानावर पसरते, प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग हातानं ठरवता येते तिथं, रंगाचं तापमान पान पांढरं दिसेल त्या आकड्यावर अडकवते आणि फोटोत पानाची कड मुद्दाम दिसू देते. पान पांढरं दिसलं तर रंग खरा. गेल्या हंगामात त्याच व्यापाऱ्यांचा मेसेज आला, "वहिनी, कागदावरचा फोटो टाका, मग भाव सांगतो."

तर दुकानात मिसेसना बरोबर न्या. तिन्ही फोन कव्हर न घालता त्यांच्या हातात द्या, एका हातानं मेसेज लिहायला सांगा, आणि तेवढा वेळ तुम्ही काही बोलू नका.