सेमी-हॉलो (अर्धपोकळ) गिटारवर १० च्या तारा आहेत (म्हणजे पहिली तार ०.०१० इंच जाड), जॅझसाठी कोणत्या तारा आणि कोणता अ‍ॅम्प घेऊ? १३ च्या तारा आणि ट्यूब अ‍ॅम्पशिवाय (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्पशिवाय) जॅझचा आवाज येतच नाही, हे खरं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: साफ खोटं. तुम्हाला हे कोणी ऐकवलं ते विचारत नाही. असा एक तरी माणूस प्रत्येक जॅझवाल्याच्या वाट्याला येतोच. माझ्या वाट्याला जे आले त्यांना आम्ही सर म्हणायचो.

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या गिटारची पहिली तार नखाने उचलली, सोडली आणि विचारलं, "ही तार आहे की दोरा?" तिथून पुढे १० चा सेट म्हणजे माझ्या लेखी पोरखेळ झाला. सरांकडे जुनी फुल-हॉलो, म्हणजे पूर्ण पोकळ गिटार, तिच्यावर १३ च्या फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा, समोर ट्यूब अ‍ॅम्प. आवाज खरंच देखणा होता, ते नाकारत नाही. मी त्यांचा हात सोडून बाकी सगळं उचललं. तशीच फुल-हॉलो घेतली, तशाच तारा चढवल्या आणि बारा इंची दोन स्पीकरचा, तीस किलोच्या आसपासचा ट्यूब अ‍ॅम्प जिन्यांवरून वाहायला लागलो. दोन-तीन महिन्यांत डाव्या हाताच्या अनामिकेचं पेर सकाळी दुमडेना. सर म्हणाले, तयार होतंय.

मग तो कार्यक्रम. लाकडी स्टेज, खालून पोकळ. मी अ‍ॅम्प थेट फळ्यांवर ठेवला, बेसचा नॉब सहावर आणि स्वतः अ‍ॅम्पच्या तोंडासमोर उभा. संथ बॅलड चालू होतं, ड्रमर काठ्या सोडून ब्रशवर. जाड ई (E) तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी (G) सूर धरून कॉर्ड वाजवली. कॉर्ड विरली, तो जी विरेना. उलट फुगत गेला. मी तळवा टेकवून तार दाबली, तळवा उचलला की पुन्हा तोच हंबरडा. पियानोवाल्याने वाजवायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं, ती नजर अजून आठवते. उरलेला कार्यक्रम मी आवाज इतका खाली ठेवून वाजवला की वाजवला नसता तरी कोणाला कळलं नसतं.

खाली उतरल्यावर सर म्हणाले, "तारा तेराच्या लावल्यास, हात दहाचाच राहिला."

हे वाक्य मी चारेक वर्षं खिशात घेऊन फिरलो. नंतर शांतपणे बसून पाहिलं, तर हाताचा काडीचा संबंध नव्हता. तो जी म्हणजे ९८ हर्ट्झ. फुल-हॉलोच्या पोटातली हवा साधारण त्याच भागात घुमते. अ‍ॅम्प जमिनीवर टेकला की खालचे सूर आपोआप फुगतात, त्यात स्टेज पोकळ, म्हणजे ढोलावर ढोल. बेस सहावर ठेवून मी ते सगळं गिटारच्या एफ-होलमध्ये (वरच्या फळीतल्या भोकांत) परत ओतत होतो. पुढे त्याच स्टेजवर तीच गिटार घेऊन गेलो. १२ च्या तारा, छोटा सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरचा) अ‍ॅम्प खुर्चीवर, बेस दोनवर, मिड (मधले सूर) वाढवलेला, मी बाजूला सरकून उभा. हूं की चूं नाही. सर पहिल्या रांगेत होते. कार्यक्रमानंतर म्हणाले, "बघ, हलक्या तारांमुळे घुमलं नाही." आता काय बोलायचं?

सरांचा हुकमी पत्ता म्हणजे जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी. जाड तारा, अंगठा, ट्यूब. पण वेसने शेवटच्या काळात स्टँडेलचा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प वापरला, हे सांगितलं की सर विषय बदलायचे. जो पास तर पॉलिटोनवर वाजवायचा, तोही सॉलिड स्टेट. आणि एड बिकर्टने वर्षानुवर्षं जॅझ वाजवलं ते टेलिकास्टरवर, म्हणजे सबंध भरीव फळीवर. पॅट मार्टिनो पहिलीच तार १५-१६ ची लावायचा हे खरं, पण ती त्याची बोटं होती. तारेचा आकडा म्हणजे मर्दानगीचं प्रमाणपत्र नव्हे.

बरं, तुमचं. तुमचा आवाज पातळ वाटतो त्याचं मोठं कारण बहुधा तिसरी तार आहे. १० च्या सेटमध्ये ही जी (G) तार साधी, बिनगुंडाळीची असते आणि कॉर्डच्या मधोमध तीच तारस्वरात ओरडते. वाउंड (गुंडाळीची) जी तार असलेला ११ चा फ्लॅटवाउंड सेट लावा, बोटं कुरकुरली नाहीत तर पुढच्या वेळी १२. डॅडारिओ क्रोम्स जरा ताठ आणि उजळ, थोमास्टिकच्या जॅझ स्विंग हाताला मऊ. मी मऊवाला. नव्या तारा सुरुवातीला जास्त खणखणतात, लगेच नावं ठेवू नका, त्यांना बसू द्या. मग महिनोन्महिने बदलाव्या लागत नाहीत. नटच्या (नेकच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा रुंद करून घ्या, नेक तपासा आणि जी तारेचं सॅडल (दुसऱ्या टोकाला ती टेकते तो तुकडा) थोडं नटच्या दिशेने सरकवा, नाहीतर वरच्या फ्रेटांवर बेसूर लागेल. जी तारेवरचे ब्लूजचे बेंड (तार ओढून सूर चढवणं) मात्र विसरा.

अ‍ॅम्प कुठलाही घ्या, आवाज वाढवला तरी स्वच्छ राहिला पाहिजे. ड्रमर असेल तर सॉलिड स्टेट ५० वॉटच्या खाली जाऊ नका. स्पीकर १० किंवा १२ इंची, एक पुरे. फेंडरच्या घराण्यातला असेल तर त्यात मिड मुळातच खोल गेलेला असतो, म्हणून बेस-ट्रेबल दोन-तीनवर आणि मिडचा नॉब असेल तर तो पूर्ण. गिटारवर नेकजवळचा पिकअप, टोनचा नॉब सहा-सातवर. टोन शून्यावर नेऊन त्याला जॅझ म्हणणारे भेटतील. तो जॅझ नाही, तोंडावर टाकलेली गोधडी आहे. आणि विकत घेण्याआधी अ‍ॅम्प एका हाताने उचलून दोन मजले चढून बघा. हे मी पाठीच्या वतीने लिहितोय.

आता थोडं सरांच्या बाजूनेही. तुमची गिटार फुल-हॉलो आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो) फळीवर नुसता टेकवलेला असता, तर मीही १२ च्या खाली जाऊ नका म्हटलं असतं. पातळ तारांनी वरची फळी हलतच नाही, मग पोकळ गिटार घेतली कशाला? (तशा गिटारवर तारा एकेक करून बदला, नाहीतर ब्रिज हातात येतो. आणि ब्राँझच्या तारा मॅग्नेटिक पिकअपवर लावू नका, गुंडाळीच्या तारा दबतात आणि वरच्या दोन किंचाळतात.) ट्यूबचंही तसंच. हळू आवाजात, कॉर्ड जरा दाबून वाजवली की ट्यूब तिला किंचित सावरून घेते. ते मला सॉलिड स्टेटमध्ये सापडलेलं नाही. घरी माझ्याकडे छोटा ट्यूब अ‍ॅम्प आहे. सरांना हे सांगितलेलं नाही.

पेर दुखायला लागलं तर मात्र त्याच दिवशी थांबा, तयार वगैरे काही होत नसतं. माझा दीड महिना गेला. आणि अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवाल तेव्हा खाली रबराची जाड चकती घाला. नुसत्या लाकडावर तो कंपनाने सरकत पुढे येतो, आणि तुमचं लक्ष सोलोमध्ये असतं.