बिल भरण्याआधी ते वाचा. आमचे पैसे तिथेच जात होते

तुम्ही विचारलंय की मिळकत कराचं बिल समजून कसं घ्यायचं आणि स्वतःच्या घराचा कर कमी होऊ शकतो का. पुण्यापुरतं सांगते, होऊ शकतो. आमचा झाला.

सासऱ्यांचा सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट दोन-तीन वर्षं भाड्याने दिला होता. भाडेकरू गेले आणि 2020 मध्ये आम्हीच तिथे राहायला आलो, पण कराच्या नोंदीत 'भाडेकरू' तसंच राहिलं. ते कुणी बदलायला गेलंच नाही, चूक आमचीच. वर्षाला साडेसतरा हजारांचं बिल यायचं. शेजारी, त्याच मजल्यावर, तेवढ्याच चटई क्षेत्राला साडेदहा. मी थोरल्या दिरांना विचारलं तर म्हणाले, "आलेलं बिल भरून टाकायचं. महापालिकेत खेटे घालून कुणाचं भलं झालंय?" घरातले सगळे कागद त्यांच्याकडे, म्हणून शब्दही त्यांचाच. तीन वर्षं मी गप्प बसले, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत 40 टक्के सवलत मिळते. ही 1970 पासूनची आहे. मध्यंतरी राज्य शासनाने ती बंद केली होती, 2023 मध्ये पुन्हा सुरू केली. ज्यांची गेली होती त्यांना ती परत मिळवायला महापालिकेचा पीटी-3 नावाचा अर्ज भरायचा होता. मी तो भरला. सोसायटीचं पत्र, मतदान कार्ड, गॅसचं पुस्तक, दुसरी मिळकत असेल तर तिचं बिल, आणि 25 रुपये. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पत्राला आठवडा लावला, बाकी सगळं एका सकाळी झालं. पुढे पेठ निरीक्षक, म्हणजे महापालिकेच्या कर विभागाचे तपासनीस, घरी येऊन पाहून गेले. पुढचं बिल साडेदहा हजारांच्या आसपास आलं. ते मी घरच्या ग्रुपवर टाकलं. दिरांनी काही लिहिलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, 'भांडून काय मिळणार' म्हणणाऱ्याच्या हातात घराचे कागद देऊ नका. कर मुळात घराला वाजवी भाडं किती येईल यावर बसतो. त्यामुळे बिलात दोनच गोष्टी आधी बघा, क्षेत्रफळ आणि वापर, म्हणजे मालक राहतो की भाडेकरू. क्षेत्रफळ करारनाम्याशी ताडून पाहा. जुन्या इमारतीतल्या नातेवाइकाच्या बिलाशी तुलना करून रागावू नका, त्यांची आकारणी जुन्या दराने झालेली असते.

आणि वाद चालू आहे म्हणून बिल थकवू नका. आमच्याकडे तोही सल्ला होता, 'थांबा, अभय योजना येईल,' म्हणजे थकबाकीवरचा दंड माफ करणारी योजना. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, आणि योजना येईलच असं कुणी लिहून देत नाही. उलट सुरुवातीच्या महिन्यांत भरलं तर बिलातल्या 'सर्वसाधारण कर' या भागात 5 ते 10 टक्के सूट मिळते.

हे सगळं पुण्याचं. मुंबईत कर भाड्यावर नाही, भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर आहे आणि 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून माफी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये घर बाईच्या नावावर असेल तर वेगळी सवलत आहे, ती जरूर विचारा. तुम्ही गाव लिहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या महापालिकेचे नियम आधी बघा. आणि घरात खरोखर भाडेकरू असेल तर खोटं लिहू नका, निरीक्षक दारात येतात.

दिरांचा स्वतःचा कोथरूडचा फ्लॅटही भाडेकरूच्याच नोंदीवर आहे. गेल्या दिवाळीपासून ते दोघं तिथे राहतायत. परवा जाऊबाईंचा फोन आला, मतदान कार्डावर जुना पत्ता आहे, चालेल का म्हणून. म्हटलं, गॅसचं पुस्तक जोडा आणि सोसायटीचं पत्र आजच मागा.