लघवीची बाटली विसरू नकोस

प्रिय डॉक्टर,

(तुला असं म्हणताना अजून हसू येतं, पण पाटी लागली म्हटल्यावर म्हणायलाच हवं.)

सातपूरला दवाखाना टाकलास, छान केलंस. शुगर-बीपीवाले रोज येतील, 'शुगर किती आली?' एवढंच विचारतील आणि तूही तेवढंच बघशील. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

पंचवटीतल्या एक काकू, वय साठ. शुगर, बीपी दोन्ही. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.१, रिपोर्टवर नॉर्मलच्या रकान्यात. 'किडनी उत्तम' म्हणून मी मोकळी झाले. लघवीला फेस येतो, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. मी पाणी प्या म्हणाले. पुढच्या वर्षी हार्ट अटॅकने गेल्या. छातीत दुखलंही नाही, नुसता दम लागला. शुगरवाल्यांचं पुष्कळदा असंच होतं. आजच्या सूत्राने मांडलं तर साठीच्या बाईचं १.१ म्हणजे ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) साधारण ५७-५८. साठच्या खाली, म्हणजे किडनी कमी पडत होती!

किडनीतली गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ. त्यातून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, गळायला लागलं (काकूंचा फेस बहुधा त्याचाच) की समज, अंगभरच्या वाहिन्यांचं अस्तर खराब होतंय, हृदयाच्याही. त्यात किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी चढतं, हृदयाची भिंत जाड होते, पुढे धमन्यांत कॅल्शियम साचतं. लोक डायलिसिसच्या मशीनला घाबरतात, पण किडनीचे बहुतेक पेशंट मशीनपर्यंत पोचतच नाहीत. हृदय आधी दगा देतं.

म्हणून वर्षातून एकदा ईजीएफआर आणि लघवीचं एसीआर (अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण), दोन्ही. लघवीत बुडवायची साधी पट्टी थोडं अल्ब्युमिन पकडत नाही. शक्यतो सकाळची पहिली लघवी घे. एसीआर ३० च्या वर आलं तरी लगेच किडनीच्या आजाराचा शिक्का मारू नकोस. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशीचे कष्ट यानेही वाढतं. तीन महिन्यांत पुन्हा बघ.

बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल दिलंस की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपास. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून गोळी बंद करू नकोस. ही चूक भलेभले करतात. कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, विसरू नकोस. शुगरची गोळी डापाग्लिफ्लोझिन पेटंट संपल्यापासून पुष्कळ स्वस्त झालंय आणि ते किडनी, हृदय दोन्ही सांभाळतं. फक्त उलट्या-जुलाबांत आणि उपासाला थांबवायचं, हे आधीच सांगून ठेव. आपल्याकडे निर्जळी एकादशीवाले कमी नाहीत.

दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी येतील. द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या दिवसांत कंबर धरते आणि मेडिकलवाला डायक्लोफेनॅक देतो, ही दुखण्याची गोळी किडनीला बाधते. 'कुठली गोळी घेता?' असं विचारलंस तर 'काही नाही' म्हणतील. 'दुखण्यावर काय घेता?' असं विचार, मग खिशातून पाकीट निघेल. आणि मिठाऐवजी सैंधव चालतं ही समजूत काढायला वेळ घालव. त्यातही सोडियमच असतं.

रविवारी रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन ये. मिसळ खाऊ, पण माझा पापड तू घे. गेल्या महिन्यात माझा स्वतःचा एसीआर ४२ आला.

तुझी,
मॅडम