लॅपटॉपवर काम करून मान आणि हात दुखतात. महागडी खुर्ची घ्यावी का?

दुसऱ्या वर्षाला असताना रोज चार-पाच तास लॅपटॉपवर काम करून आपली मान आणि उजवा हात दुखतो, म्हणून खुर्ची घेण्याचा आपला विचार आहे. माझ्या मते ती घेऊ नये. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकाच तुकड्यात असल्यामुळे पडदा पाहायला मान वाकते, आणि पडदा उंच करावा तर हात अधांतरी राहतात. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवून साधा कीबोर्ड आणि माउस वेगळा जोडावा.

२०१७ साली पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना मी प्रकल्पाचा अहवाल वसतिगृहातील लोखंडी टेबलाच्या कडेवर उजवे कोपर रोवून लिहीत असे. महिनाभरात करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "बसून कुणाचा हात दुखतो का? आम्ही उन्हात ऊस तोडलाय." त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे, परंतु त्यांचे म्हणणे चूक होते आणि आजही मी ते मान्य करत नाही. भरलेली घागर उचलून लगेच खाली ठेवता येते. रिकामा तांब्या हात लांब करून दहा मिनिटे धरला, तर खांदा भरून येतो. माउस धरलेला हात तासन्‌तास तसाच असतो. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी तर १७१३ सालीच कारकुनांच्या दुखण्याचे कारण सतत बसणे आणि हाताची एकसारखी हालचाल हे सांगितले होते.

डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो कोणती बोटे बधिर होतात हा. करंगळीकडची नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते आणि मी तिच्यावरच भार देत होतो. कोपर टेकवणे सोडले, रात्री हात दुमडून झोपणे टाळले आणि सुमारे दोन महिन्यांत बोटे पूर्ववत झाली.

आपली बोटे बधिर होतात की नाही, हे आपण लिहिलेले नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे असतील, तर बिघाड मनगटात किंवा मानेतही असू शकतो. हातातून वस्तू निसटत असतील, तर पुस्तकांच्या चळतीवर विसंबू नये, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे, आणि मान मोडून देणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. घरी सांगतानाही नुसते "हात दुखतो" असे न म्हणता कोणते बोट, किती वाजता आणि किती वेळ, हे सांगावे. मी वडिलांना ते तेव्हा सांगितले नव्हते.