नाताळात केक, सँटा आणि खरेदीच उरली आहे. ख्रिस्ती अर्थातला आनंद कुठे शोधावा?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या जीवनकथेचा, दुसरा अध्याय काढा आणि पहिली 20 वचनं घरात मोठ्यानं वाचा. पाच मिनिटंही लागत नाहीत.

त्यात सजावट नावालाही नाही. रोमी सम्राट औगुस्ताच्या नावनोंदणीसाठी गरोदर मरिया आणि योसेफ नासरेथहून बेथलेहेमला जातात, शंभरहून जास्त किलोमीटर. उतारशाळेत जागा नाही, म्हणून बाळ येशू गुरांच्या गव्हाणीत. आणि ‘मोठ्या आनंदाची’ बातमी पहिल्यांदा कळते कोणाला? रात्रपाळीत मेंढरं राखणाऱ्यांना! मला तरी सगळ्या गोष्टीतली हीच जागा सर्वांत आवडते. घरात आजारपण असो, खिसा रिकामा असो, हा आनंद परिस्थिती सुधारायची वाट बघत नाही. मत्तयनं आपल्या शुभवर्तमानात येशूसाठी वापरलेल्या इम्मानुएल या नावाचा अर्थच ‘आम्हांबरोबर देव’ असा आहे.

दुसरं म्हणजे घाई नको. नाताळाआधीचे चार रविवार हा आगमनकाळ, म्हणजे वाट पाहण्याचा काळ. खरा सण 25 डिसेंबरला सुरू होतो आणि परंपरेनं बारा दिवस चालतो. आपण मात्र 26 तारखेलाच चांदणी उतरवतो.

करंज्या, केक जरूर करा, मीही करते. फक्त पहिलं ताट त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या वॉचमनकडे किंवा शेजारच्या एकट्या आजींकडे जाऊ द्या. आमच्या घरी मुलांना ताट पोचवायची इतकी हौस असते की भेटवस्तू उघडायच्या राहून जातात.